गुलामाला शून्य, मालकाला मोबदला

मॉरिशसला ‘छोटा भारत’ म्हणून टाळ्या मिळवणाऱ्या वक्त्यांना मला एकच विचारायचं असतं : तुमच्या या छोट्या भारतात गुलामांना कुठं बसवलंत? एक-दोन सभांत मी उभं राहून हे विचारलंही. उत्तरादाखल मॉरिशसमधल्या गंगा तलाव या हिंदू तीर्थाचं वर्णन ऐकायला मिळालं, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते ही माहिती मिळाली आणि ‘आपली माणसं तिथं पंतप्रधान झाली’ हे हुकमी वाक्य मिळालं. सवाल होता तिथंच राहिला.

आपल्याकडे सांगितला जाणारा मॉरिशसचा इतिहास बसच्या तिकिटामागं मावेल. बेट रिकामं होतं. डच आले, गेले. फ्रेंच आले, हरले. मग इंग्रजांनी बिहारपासून कोकणापर्यंतची माणसं नेली, त्यांनी घाम गाळून जंगलाचं नंदनवन केलं आणि १२ मार्च १९६८ला राज्य हाती घेतलं. नंदनवन कधी चुकत नाही. पण आपल्या माणसांचं पहिलं गलबत धक्क्याला लागलं तेव्हा बेटावर माणसं राबायला लागून दोनशे वर्षं होत आली होती. जंगल आधी त्यांनी तोडलं होतं, पोर्ट लुईच्या गोद्या त्यांनी बांधल्या होत्या, पहिला ऊस त्यांच्याच हातांनी घाण्यात गेला होता. मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून विकत घेऊन साखळदंडांत आणलेली ही माणसं आपल्या भाषणांत प्रस्तावनेतसुद्धा येत नाहीत.

मुळात ‘रिकामं बेट’ हा शब्दप्रयोगच किती सोयीचा! मूळ रहिवासी नाहीत म्हटलं की कुणाची जमीन लाटल्याचा आरोप नाही, सगळेच पाहुणे, सगळेच समान. अरब खलाशांना हे बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज पाणी भरून पुढे जात. १५९८मध्ये डच उतरले आणि आपल्या प्रिन्स मॉरिसचं नाव त्यांनी बेटाला चिकटवलं. वस्ती केली ती १६३८मध्ये, कारण आबनूस दिसला. काळं, टणक, युरोपात सोन्याच्या भावानं जाणारं लाकूड. ते तोडायला हात हवेत. डच कंपनीच्या गोऱ्या नोकरांचे हात उन्हात लवकर दुखत, म्हणून १६४०च्या दशकाच्या सुरुवातीला मादागास्करहून गुलाम आले. त्यांतले कितीतरी जण संधी मिळताच रानात पळाले. या बेटाचा स्वातंत्र्यलढा कधी सुरू झाला असं कुणी विचारलं तर मी हीच तारीख सांगेन. आपल्या वक्त्यांचं कॅलेंडर मात्र १८३४च्या आधी उघडतच नाही.

डोडोबद्दल बोलायलाच हवं, कारण पर्यटक दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाहीत. उडता न येणारा हा भाबडा पक्षी सतरावं शतक संपायच्या आत नाहीसा झाला. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी त्याची अंडी खाल्ली. आज तो राजचिन्हावर आहे, टी-शर्टवर आहे, विमानतळावरच्या लाकडी खेळण्यांत आहे. संपवलेल्या पक्ष्याचं इतकं कौतुक करणारे लोक संपवलेल्या माणसांचं नाव काढताना का चाचरतात, हे मला समजत नाही. १६९५मध्ये पाच गुलामांनी डचांचा फ्रेडरिक हेन्ड्रिक किल्ला पेटवून दिला. बेट ताब्यात घ्यायचा त्यांचा बेत होता. ते पकडले गेले आणि मारले गेले. त्यांच्यातली एक होती बंगालची ॲना. म्हणजे ‘आपलं माणूस’ म्हणायची इतकी हौस असेल, तर बेटावर सत्तेविरुद्ध आग लावणाऱ्या पहिल्या लोकांत एक हिंदी बाई आहे. तिचा पुतळा उभारायला आपलं एकही शिष्टमंडळ गेलेलं मी ऐकलं नाही. गुलाम होती ना! गुलामाची वंशावळ सांगायला लाज वाटते. गिरमिटियाची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुराची, सांगताना छाती फुगते.

डच १७१०मध्ये गाशा गुंडाळून गेले. पाच वर्षांनी फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला आणि त्याचं नाव ‘इल द फ्रान्स’ ठेवलं. १७३५मध्ये माहे द ला बोर्दोने गव्हर्नर म्हणून आला. त्याचा पुतळा आजही पोर्ट लुईत बंदराकडे तोंड करून उभा आहे आणि प्रत्येक गाईड त्याची ‘शहराचा निर्माता’ म्हणून ओळख करून देतो. निर्माता! दगड त्यानं वाहिले? रस्ते, रुग्णालय, बंदर, कालवे हे सगळं गुलामांच्या आणि पुद्दुचेरीकडून आणलेल्या कारागिरांच्या हातून झालं. रानात पळालेल्या गुलामांची शिकार करायला या कर्तबगार माणसानं गुलामांचीच पथकं उभारली, हे पुतळ्याखाली कोरलेलं नाही. आणि कायदा? १७२३च्या ‘काळ्या संहिते’त हिशेब स्वच्छ होता. गुलाम महिनाभर पळून राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर फ्रान्सच्या राजाचं फूल डागायचं. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा पळाला तर मृत्यू. याच बेटाच्या पार्श्वभूमीवर बर्नार्दँ द सँ-पिएरनं १७८८मध्ये ‘पॉल आणि व्हर्जिनी’ लिहिली आणि युरोप त्या निष्पाप प्रेमकथेवर ढसाढसा रडला. निदान त्या लेखकानं आधीच्या प्रवासवर्णनात गुलामांचे हाल स्पष्ट लिहिले होते. रडणाऱ्यांनी ते पुस्तक बाजूला ठेवलं.

त्याच काळातली एक हकीकत मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण या बेटाचा सगळा स्वभाव तिच्यात आहे. १७६१च्या जुलैअखेर ‘ल्युतील’ नावाचं फ्रेंच जहाज मादागास्करहून इल द फ्रान्सकडे निघालेलं असताना एका वाळूच्या बेटावर आदळून फुटलं. गव्हर्नरची गुलाम आणण्यावर बंदी होती, कप्तानानं चोरून दीडशेच्या वर माणसं जहाजाच्या पोटात भरली होती. फुटलेल्या जहाजात गोरे वर होते, गुलाम तळाशी. कितीतरी तिथंच बुडाले. उरलेल्यांनी अवशेषांतून एक होडी बांधली, गुलामांनीही हात लावला. होडीत बसले फक्त फ्रेंच. साठेक गुलामांना ‘परत येतो’ सांगून ते निघून गेले. गव्हर्नरला आपली आज्ञा मोडल्याचा राग आला होता. त्यानं मदतीला जहाज पाठवायला नकार दिला. ते बेट चौरस किलोमीटरभर, झाड नाही, सावली नाही, वादळांच्या वाटेवर. पंधरा वर्षं ती माणसं कासवं आणि समुद्रपक्षी खाऊन, पिसांची वस्त्रं विणून जगली. १७७६मध्ये अखेर एक जहाज तिथं पोहोचलं तेव्हा सात बाया आणि आठ महिन्यांचं एक मूल एवढीच जिवंत होती. त्या बेटाला पुढे नाव पडलं ट्रोमलँ, म्हणजे सुटकेच्या जहाजावरच्या कप्तानाचं. आज फ्रान्स आणि मॉरिशस या दोन सार्वभौम राष्ट्रांत ट्रोमलँ कुणाचं यावर वाद चालू आहे. भोवतालच्या समुद्रात मासळी आहे म्हणे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावर सुमारे ५९ हजार माणसं होती. त्यांतली ४९ हजार गुलाम. पॅरिसमध्ये क्रांती झाली तेव्हा इथल्या मळेवाल्यांनीही क्रांतीच्या टोप्या घातल्या. समता आवडली, बंधुता आवडली. १७९४मध्ये फ्रान्सनं गुलामी रद्द केली आणि १७९६मध्ये तो हुकूम अमलात आणायला बाको आणि बर्नेल हे दोन प्रतिनिधी पोर्ट लुईला उतरले, तेव्हा याच क्रांतिकारकांनी दोघांना पुन्हा जहाजावर चढवून हाकलून दिलं. पुढे नेपोलियननं गुलामी परत कायदेशीर केली आणि मळेवाल्यांची क्रांती सुखरूप पार पडली.

इथं आपल्या लोकांनाही अडचणीची एक गोष्ट आहे. या ४९ हजारांत मलबार, कोरोमंडल आणि बंगालमधून आणलेले हिंदी गुलाम होते. आणि गुलामीतून सुटलेल्या किंवा स्वतंत्र म्हणून आलेल्या हिंदी लोकांपैकी काहींनी पैसा जमताच स्वतः गुलाम विकत घेतले होते. ‘आपली माणसं’ म्हणून छाती पुढे काढताना ही माणसंही आपलीच धरायची की नाहीत, हे वक्त्यांनी एकदा ठरवून टाकावं.

१८१०च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टच्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रज आरमाराला चोपलं होतं. पॅरिसच्या विजयकमानीवर नेपोलियनच्या काळातला तेवढाच एक आरमारी विजय कोरलेला आहे. गुलामांच्या दृष्टीनं दोन्ही लढाया सारख्याच. शरणागतीच्या करारात इंग्रजांनी मळेवाल्यांना त्यांचा धर्म, त्यांचे कायदे, त्यांच्या चालीरीती राखण्याचं वचन दिलं. मालमत्ता राखली, म्हणजे माणसं राखली, मालकाची म्हणून. मग १८१५पासून मुंबई आणि बंगाल इलाख्यातले कैदी रस्ते बांधायला आणले, वीस-बावीस वर्षांत पंधराएकशे. आपल्याकडच्या ‘मॉरिशसमधले मराठी’ या विषयावरच्या गौरवलेखांत या बेड्या घातलेल्यांना कुठं जागा असते? कैदी म्हणजे कलंक, मजूर म्हणजे त्याग.

१ फेब्रुवारी १८३५ला गुलामी संपली. हा दिवस मॉरिशसमध्ये सुट्टीचा आहे, आणि त्याचा जमाखर्च प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. ब्रिटिश संसदेनं साऱ्या साम्राज्यासाठी दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. त्यांतले २१ लाखांहून अधिक पौंड मॉरिशसच्या वाट्याला आले. कुणाला? मालकांना. ज्यांची पाठ फोडली त्यांना एक पेनीही नाही; उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मालकाकडे राबायचं. ब्रिटिश सरकारनं या भरपाईसाठी काढलेलं कर्ज २०१५पर्यंत फेडलं जात होतं. म्हणजे लंडनमध्ये राहणाऱ्या गुलामांच्या पणतवंडांनीही आपल्या करातून मालकांची भरपाई भरली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण ज्यानं केली त्यालाही इतकं सुचलं नसेल.

ले मॉर्नच्या कड्यावर पळालेले गुलाम लपत. तिथली परंपरा सांगते की सुटकेची बातमी द्यायला शिपाई वर चढले, ते पकडायला आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. पायथ्याशी आज आलिशान हॉटेलं आहेत. आपली मधुचंद्राची जोडपी तिथं पतंग बांधून लाटांवर घसरायला शिकतात. करू देत, सुट्टी आहे त्यांची. पण त्यांच्या टूर कंपनीच्या पत्रकात त्या कड्याला ‘नयनरम्य’ या एका शब्दात उडवून लावलेलं असतं, त्याचा मला संताप येतो.

आता गिरमिट. तारीख नीट बघा : २ नोव्हेंबर १८३४. ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर उतरले. गुलामी संपायला अजून तीन महिने होते. जुनी माणसं हातची जायच्या आधीच मळेवाल्यांनी नवी माणसं मागवून ठेवली होती. इंग्रजांनी याला ‘महान प्रयोग’ म्हटलं. यशस्वी झाल्यावर तोच जगभर चालवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसं या एका बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, थोडी मुंबईहून; त्या थोड्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची आपली. महिना पाच रुपये, पाच वर्षांचा करार. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची. करार संपलेल्या माणसालाही १८६७च्या कायद्यानं फोटो लावलेला पास खिशात बाळगणं भाग पाडलं. पास नसेल तर भटका म्हणून कैद. १८७१मध्ये अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्यानं ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज सरकारात दिला, तर मळेवाल्यांनी त्यालाच बेटाबाहेर घालवा अशी ओरड केली आणि भर रस्त्यात त्याला मारहाण झाली. चौकशी आयोग आला, अर्जातल्या बहुतेक तक्रारी खऱ्या निघाल्या.

आणि आपण? मुंबईच्या बाजारात मॉरिशसची ‘मोरस’ साखर पोत्यांनी येत होती. स्वदेशीच्या दिवसांत परदेशी साखरेविरुद्ध आपल्याकडे रान उठलं. कारण काय, तर ती साफ करताना जनावरांची हाडं वापरतात, धर्म बुडतो. ऊस तोडणाऱ्या आपल्याच गाववाल्यांच्या हाडांचा विषय त्या गदारोळात जवळजवळ निघालाच नाही. त्यांना फशी पाडून जहाजावर चढवणारे दलाल आपलेच होते, मळ्यावर चाबूक धरणारे सिरदारही बरेचसे आपलेच. पुढे मळेवाल्यांनी नापीक तुकडे विकायला काढले तेव्हा बचत करून ते घेणारेही आपलेच. त्यातून मुलं शिकली, वकील-डॉक्टर झाली. हे कष्टाचं आहे, मी नाकारत नाही. पण ज्यांना उमेदवारी संपल्यावर रिकाम्या हातानं मळ्याबाहेर काढलं त्यांच्या नातवंडांना असा तुकडा घ्यायची ऐपत का नव्हती, हे विचारायचं नाही? ‘ते आळशी, आपण कष्टाळू’ हे मॉरिशसमधल्या आणि मुंबईतल्याही दिवाणखान्यांत मी ऐकलेलं उत्तर थेट मळेवाल्याच्या तोंडचं आहे.

राजकीय हक्कांची कथा आपल्याकडे गांधीजींच्या १९०१च्या मुक्कामापासून सुरू होते आणि बॅरिस्टर मणिलाल डॉक्टरांवर एक परिच्छेद खर्चून थेट रामगुलामांवर उडी मारते. १८८६च्या घटनेनं मालमत्तेच्या अटीवर मत दिलं, तेव्हा शंभरात दोघांनाही मत नव्हतं. १९३६मध्ये मजूर पक्ष काढला डॉ. मॉरिस क्युरे यांनी. ते क्रिओल होते, म्हणजे गुलामांच्या वंशातले. त्यांच्यानंतर कामगार संघटनेची धुरा वाहणारे, १९३८मध्ये रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार झालेले एमानुएल आंकेतील हेही क्रिओल. हिंदी मजुरांच्या हक्कांसाठी गुलामांच्या वंशजांनी तुरुंग आणि हद्दपारी सोसली, आणि छोट्या भारताच्या भाषणांत त्यांची नावं उच्चारायला जीभ वळत नाही. १९३७मध्ये लहान शेतकऱ्यांच्या ‘उबा’ जातीच्या उसाचा भाव पाडला, दंगे पेटले, गोळ्या चालल्या. २७ सप्टेंबर १९४३ला बेल व्ह्यू आरेलच्या मळ्यावर पुन्हा गोळीबार झाला. चौघं मेली, त्यांत अंजली कुपेन ही गरोदर बाई होती. बासदेव बिसुनदयाल गावोगाव अक्षरं शिकवत हिंडत होते, कारण १९४८पासून साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळणार होतं. ती शाळा खरी क्रांती ठरली. १९५९मध्ये सर्वांना मत मिळालं.

मग येतो तो सप्टेंबर १९६५. लंडनमध्ये लँकेस्टर हाउसला घटनेची बोलणी चालू होती. ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन आणि मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांची २३ तारखेला भेट ठरली. भेटीआधी विल्सन यांना त्यांच्या सचिवानं दिलेली टिपणी आज उघड आहे : रामगुलामांना आशा दाखवून घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि मॉरिशसचा भाग असलेली चागोस बेटं सोडली नाहीत तर मिळणार नाही ही भीती. अमेरिकेला त्यांतल्या डिएगो गार्सियावर तळ हवा होता. ३० लाख पौंडांत सौदा झाला आणि ८ नोव्हेंबरला चागोस मॉरिशसपासून तोडलं गेलं. आवळा देऊन कोहळा काढण्यात इंग्रजांचा हात कुणी धरावा!

रामगुलामांना पर्याय नव्हता हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही २०१९मध्ये जवळपास मान्य केलं : तोडणी मॉरिशसच्या लोकांच्या मुक्त, खऱ्या इच्छेनं झालेली नव्हती. ठीक. पण दबाव होता म्हणून हिशेब मिटत नाही. चागोसवर राहत होते कोण? नारळाच्या मळ्यांसाठी फ्रेंचांनी आणलेल्या गुलामांची लेकरं. निवडणुकीच्या गणितात नसलेली, कुठल्याही मंडळात-सभेत नसलेली, बहुतेक आफ्रिकी वंशाची. सौदा त्यांच्या जमिनीचा होता म्हणून इतका लवकर झाला, असं माझं मत आहे.

ऑगस्ट १९६७च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. आपले लेखक हा आकडा ओलांडून पुढे जातात. स्वातंत्र्य नको म्हणणारे ते लोक इंग्रजांचे पाय चाटणारे होते काय? त्यांच्यातल्या हजारो क्रिओलांना वाटत होतं की इंग्रज जाईल आणि छोटा भारत येईल. ज्या शब्दांवर आपण टाळ्या वाजवतो त्यांनीच शेजाऱ्याची झोप उडवली होती. जानेवारी १९६८मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल भडकली, आणीबाणी लागली, ब्रिटिश पलटण बोलवावी लागली. १२ मार्चला शां द मार्सच्या मैदानावर झेंडा चढला. इंग्रजांचं राज्य इंग्रज पलटणीच्या पहाऱ्यात संपलं.

त्याच वर्षी उपचारासाठी मॉरिशसला आलेल्या चागोसी लोकांना सांगण्यात आलं की परतीचं जहाज नाही. १९७३पर्यंत सगळी बेटं रिकामी केली, पंधराशे ते दोन हजार माणसं. जगाला सांगितलं, हे कंत्राटी मजूर होते, कायमचे रहिवासी नव्हेतच. त्यांचे कुत्रे नारळ वाळवायच्या कोठारात कोंडून धूर-वायूनं मारले. माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरवली आणि झोपडपट्टीत विसरली. १९७२मध्ये ब्रिटननं साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारला दिले. ते स्वतंत्र, सार्वभौम सरकार वाटप करायला पाच-सहा वर्षं घेत बसलं.

‘सगळ्यांनीच सोसलं, आता भेद कशाला’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. भेद मी करत नाही, भरपाईच्या वह्या करतात. २२ मे २०२५ला ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोसच्या करारावर सह्या केल्या. त्यानुसार ब्रिटननं मॉरिशस सरकारला ९९ वर्षं सरासरी दहा कोटी पौंडांहून अधिक वार्षिक रक्कम द्यायची, आणि चागोसी लोकांसाठी चार कोटी पौंडांचा एक निधी, तोही एकदाच. बाकीच्या बेटांवर मॉरिशस त्यांना वसवू शकेल. डिएगो गार्सियावर, जिथं अनेकांची घरं आणि कबरी होत्या, तिथं त्यांना राहता येणार नाही.